चुकीच्या पानावर रडलेले सुभेदार

रविवार, ५ जानेवारी. मिरज.

आज जेवताना मयूरीनं आमटीची वाटी खाली ठेवली आणि म्हणाली, "बाबा, मी लग्न ठरवलंय." मला ठसका लागला. विनोदिनीनं पाण्याचं भांडं पुढे केलं, पण तिला ठसका लागला नाही, म्हणजे बाईसाहेबांना आधीच माहीत होतं. या घरात सगळ्यात शेवटी कळण्याचा मान माझा.

मुलाचं नाव वीरधवल. कराडजवळच्या खेड्यातला. घरचा ऊस, वडील नाथाजी फौजेतून सुभेदार होऊन निवृत्त. हा इंजिनियर झाला आणि आता कुपवाडला त्याचं स्वतःचं वर्कशॉप आहे, पंपाचे सुटे भाग करतो. मयूरी फिजिओथेरपिस्ट, तिच्याकडे आखडलेला खांदा घेऊन आला. खांदा बरा झाला, तरी येणं काही थांबलं नाही.

इथे स्वतःपुरतं स्पष्ट लिहून ठेवतो. जातीचा प्रश्न माझ्या मनात नाही. आमच्या घरात जात कधीच पाहिली नाही. पाहायची वेळच आली नव्हती. प्रश्न आहे तो अभिरुचीचा. ज्याच्याशी मुलगी आयुष्य काढणार, त्याला काही वाङ्मयाची जाण हवी की नको? मी विचारलं, "वाचतो का काही?" मयूरी म्हणाली, "वाचतो की. मशीनची मॅन्युअल वाचतो." विनोदिनी तोंडाला पदर लावून हसली.

तेव्हाच माझं ठरलं. मी कपाटातून 'दूरस्थ देवदार' काढली. चारशे ऐंशी पानं. लेखकानं ही एकच कादंबरी लिहिली आणि गप्प बसला. याला म्हणतात संयम. नायक सारंग, कुणालाच कळत नाही असा. नायिका मृणाल, ती वाट पाहते. तो हिमालयात निघून जातो आणि चारशे अकराव्या पानावर बर्फात उभा राहून देवदाराला मिठी मारतो व म्हणतो, "तूच माझं मौन." हे वाक्य वाचून ज्याला रडू येत नाही त्याच्या छातीत काय आहे हे मला कुणी सांगायला नको. मी भूलतज्ज्ञ आहे, उभी हयात लोकांच्या छातीवर नजर ठेवण्यात गेली.

"ही वाचून त्याला रडू आलं तर माझी ना नाही," मी जाहीर केलं.

विनोदिनी म्हणाली, "अहो, तुम्ही ती वाचलीत तेव्हा तुम्हाला गालगुंड झालं होतं. तापात काहीही छान वाटतं."

याला उत्तर देण्यात अर्थ नव्हता. मयूरी मात्र शांतपणे म्हणाली, "चालेल. पण त्याच्या आवडीचं एक पुस्तक तुम्हीही वाचायचं." मी हो म्हणालो. आपण न्यायाला धरून वागणारी माणसं.

मंगळवार, ७ जानेवारी.

मुलगा येऊन गेला. उंच, रुंद, नखांच्या कडेला काळं. वाकून नमस्कार केला, पोहे दोनदा घेतले. मी कादंबरीला खाकी कव्हर घालून ठेवलं होतं. त्यानं ती हातात घेऊन वर-खाली केली.

"जड आहे सर."

"आशय जड आहे."

"नाही, मी वजनाचं म्हणालो."

मग त्यानं खिशातून त्याचं पुस्तक काढलं. खिशातून! ज्या पुस्तकाला खिसा पुरतो ते काय पुस्तक? नाव 'खिंडीतला मुडदा'. वर कंदील आणि रक्ताचा ओघळ. मिरज स्टँडवरून घेतलेलं. म्हणाला, "कराडला जाता-येता एक संपतं सर." शेजारचं कुणी आलं तर दिसायला नको म्हणून मी ते वर्तमानपत्राखाली सरकवलं.

गुरुवार, ९ जानेवारी.

'खिंडीतला मुडदा' उघडलं. भाषा ओबडधोबड. मनोविश्लेषण शून्य. पोलीस पाटलाचा मुडदा पहिल्याच पानावर सापडतो, वाचकाला मनाची तयारी करायलासुद्धा सवड नाही. टाकाऊ.

शुक्रवार, १० जानेवारी.

टाकाऊपणाचा नमुना म्हणून पूर्ण वाचलं. सकाळचं फिरणं राहिलं. साळूबाई फरशी पुसायला आली तेव्हा खुर्चीवर पाय वर घेऊन वाचत होतो. ती म्हणाली, "डाक्टर, पाय खाली घ्या, वाळली फरशी." मला ऐकू आलं नव्हतं. खून तलाठ्यानं केला अशी माझी पक्की खात्री होती. तलाठ्यानं केला नव्हता. हे अप्रामाणिक लेखन आहे. आणि शेवटी खिंडीत दुसरी बॅटरी कुणी टाकली ते सांगतच नाहीत, म्हणे दुसऱ्या भागात.

विनोदिनीला म्हटलं, "तौलनिक अभ्यासासाठी दुसरा भाग पाहावा लागेल." ती उठली आणि साड्यांच्या कपाटातून दुसरा भाग काढून माझ्या हातात दिला. रद्दीत चुकून आला असेल म्हणाली. काय काय येतं रद्दीत!

मंगळवार, १४ जानेवारी. संक्रांत.

वीरधवल तिळगूळ द्यायला आला. कितवं पान, मी विचारलं. बासष्टावं. आठवड्यात बासष्ट! "सर, दिवसभर लेथचा आवाज कानात असतो. घरी आलो की दोन पानांत डोळा लागतो. खोटं कशाला बोलू."

विनोदिनी हलव्याची वाटी फिरवत म्हणाली, "लागणारच. ह्यांनी आयुष्यभर इंजेक्शन देऊन माणसं झोपवली, आता पुस्तक देऊन झोपवतात." मयूरी खो खो हसली. तो हसला नाही, मान खाली घातली. तेवढं बरं केलं.

जाताना म्हणाला, "पण सर, पुस्तक वाया नाही गेलं. मी गावी नेलं होतं, ते आबांनी घेतलंय." आबा म्हणजे सुभेदार. "ते रोज वाचतात. रविवारी तुम्ही सगळ्यांनी यायचं, असा त्यांचा निरोप आहे."

रविवार, १९ जानेवारी.

आत्ताच परत आलो. डोकं ठणकतंय. तरी सगळं लिहितो.

घर मोठं, स्वच्छ. अंगणात ट्रॅक्टर. सुभेदार ताठ, मिशा पांढऱ्या. त्यांची बायको संयोगिताबाई, कमी बोलणाऱ्या. आणि सुभेदारांची थोरली बहीण राहीबाई, जी अजिबात कमी बोलत नाही. आमच्यासाठी शाकाहारी वेगळं केलं होतं, वेगळ्या भांड्यांत, मला ते आवडलं. विनोदिनीनं मटणाचा रस्सा मागून घेतला. मागून! सदतीस वर्षांच्या संसारात मला पत्ता नाही. मी बघतोय हे पाहून तिनं अजून एक वाटी घेतली.

जेवण झाल्यावर सुभेदारांनी पुस्तक आणलं. माझं खाकी कव्हर काढून प्लॅस्टिकचं घातलेलं. मांडी ठोकून बसले.

"डॉक्टरसाहेब, सगळं वाचलं. ह्या राहीअक्काला डोळ्यानं दिसत न्हाई, म्हनून मोठ्यानं वाचलं. लय बारीक लिवलंय. पर त्यो सारंग मला पटला न्हाई. वरीसभर बिनारजा गायब! आमच्या युनिटात असता तर मिलिटरी पोलीस घरी आलं असतं."

मी समजावलं, की सारंगचं जाणं हे अस्तित्वाचं जाणं आहे.

"आवं, कुठलंबी जानं असू द्या," राहीबाई म्हणाली, "ती पोरगी टेशनावर छत्री घिऊन हुबी, आन् ह्यो बाबा तकडं झाडाला मिठ्या मारतोय! झाडं काय आपल्या बांधावर न्हाईत व्हय? हितनं मिठी मारली असती तर पोरगी तरी घरला गेली असती."

मयूरी आणि वीरधवल एकमेकांकडे न बघता हसत होते. मी थेट मुद्द्यावर आलो. "सुभेदार, रडू आलं का?"

"आलं की."

मला खरंच आनंद झाला. ऊस लावणाऱ्या, बंदूक धरलेल्या माणसाला चारशे अकराव्या पानावर रडू येतं म्हणजे वाङ्मयाचा विजय. मी म्हटलं, "देवदाराला मिठी मारतो तिथे ना?"

"न्हाई. तितं न्हाई. एकशे बारा." त्यांनी पान काढलं, खूण घालून ठेवली होती. मृणाल स्टेशनवर थांबते, गाडी येते, तो उतरत नाही, ती दुसऱ्या दिवशी पुन्हा येते. "माझी रजा आयत्या टायमाला रद झाली हुती. हा वीरू तवा वरसाचा. निरोप पोचलाच न्हाई. ही त्याला कडंवर घिऊन कराड टेशनात बसली. दुसऱ्या दिशीबी गेली. मला कवा बोलली न्हाई. परवा मी अक्काला ह्ये पान वाचून दावत हुतो, तर ही सैपाकघरातनं म्हनाली, 'मीबी गेलते की.' एवढंच म्हनाली." त्यांनी डोळे पुसले. "तीस वरसं, डॉक्टरसाहेब. पुस्तक नसतं तर मला कळलंच नसतं."

संयोगिताबाई पदराशी चाळा करत खाली बघत होत्या. तेव्हा मला बोलणं भाग होतं. मी अगदी सौम्यपणे सांगितलं, की एकशे बारावं पान हे संक्रमणाचं पान आहे, लेखकानं तिथे रडण्यासारखं काही ठेवलेलं नाही. तिथे रडणं म्हणजे आपलं स्वतःचं काहीतरी कादंबरीत घुसवणं. शिवाय परीक्षा मुलाची आहे, वडिलांची नाही.

विनोदिनीनं मला चिमटा काढला. अजून दुखतंय.

सुभेदार म्हणाले, "व्हय का? असंल. आमाला काय कळतंय." आणि पुस्तक बंद करून दोन्ही हातांनी मला परत दिलं. परतताना रस्त्यात उसाच्या ट्रॉल्या होत्या, उशीर झाला.

सोमवार, २० जानेवारी.

सकाळी चहाच्या वेळी निकाल सांगितला. मुलगा दोन आठवड्यांत शंभरीही गाठेना. वडील रडले, पण चुकीच्या पानावर. सबब, खेद आहे.

मयूरीनं कप ठेवला. आरडाओरडा केला असता तर मला सोपं गेलं असतं. हळूच म्हणाली, "बाबा, पुष्करला कोणतं पुस्तक दिलं होतं?"

पुष्कर म्हणजे शेजारच्यांचा पुण्याचा भाचा, दोन वर्षांपूर्वी सांगून आलेला. आमच्यातलाच. सॉफ्टवेअरमध्ये. मयूरीनं नकार दिला होता, मी आठवडाभर जेवलो नव्हतो. आता त्याला पुस्तक कशाला द्यायचं? त्याच्या घरी वाचनाचे संस्कार आहेत. तो स्वतः वाचत नसेल, पण त्याच्या काकू वाचतात. मी हेच सांगितलं.

"पुष्करनं सांगितलं होतं, शाळा सुटल्यापासून एक पुस्तक उघडलं नाही. तुम्ही 'किती मोकळा मुलगा!' म्हणालात." मग उभी राहून म्हणाली, "तुम्हाला 'आपल्यातला नाही' एवढंच म्हणायचं होतं. दोन शब्द होते. ते चारशे ऐंशी पानांत गुंडाळून त्याच्या घरी पाठवलेत, आणि त्या माणसांनी ते मनापासून वाचलं. मला लाज वाटली काल."

हे साफ खोटं आहे. माझ्या मनात असं काही असतं तर मला कळलं नसतं का?

दारातून वळून म्हणाली, "आम्ही रजिस्टर लग्न करणार. तीन साक्षीदार लागतात. बाप लागत नाही."

दिवसभर काही सुचलं नाही. हे वाक्य डोक्यातून जात नाही.

गुरुवार, २३ जानेवारी.

घरात ताटं वाजतात तेवढाच आवाज. मयूरी सकाळी हॉस्पिटलला जाते, परत येऊन खोलीत. माझ्याशी 'हो', 'नाही', 'ठेवलंय' एवढंच. एकच लेक माझी.

विनोदिनीला म्हटलं, "तू तरी समजाव तिला. तुला तरी देवदारची किंमत माहीत आहे."

ती मटार सोलत होती. "मला? मी चाळीस पानं वाचलीत."

"काय?"

"तुम्ही बघायला आलात तेव्हा नाही का देऊन गेलात? वाचा म्हणालात, मग बोलू. चाळीस पानं वाचली, तो माणूस नुसता धुक्याकडं बघत बसलेला. आईला म्हटलं, मला नाही वाचवत. आई म्हणाली, छान आहे म्हण, मुलगा डॉक्टर आहे. म्हटलं छान आहे." एक शेंग फोडली. "तेव्हापासून छानच म्हणते आहे. पुस्तकाला, तुमच्या पसंतीच्या साड्यांना, त्या बिनमिठाच्या आमटीला. एकदा म्हटलं की म्हणत राहावं लागतं."

"आणि मयूरी?"

"तिनं बारावीत अठराव्या पानावर सोडली. तुम्हाला वाईट वाटेल म्हणून बोलली नाही." मग म्हणाली, "साड्यांच्या कपाटात आहेत ते मुडद्याचे नऊही भाग माझे आहेत. रद्दीतले नाहीत."

मी गॅलरीत जाऊन बसलो. म्हणजे ज्या घरात मी राहतो तिथे 'दूरस्थ देवदार' कुणीच वाचलेली नाही. एवढ्या जगात माझ्याखेरीज ती शेवटपर्यंत वाचलेला माझ्या ओळखीचा एकच माणूस, आणि त्याला मी नापास करून आलो. मला फार वाईट वाटलं. कुणाविषयी, ते नीट सांगता येत नाही.

सोमवार, २७ जानेवारी.

मार्ग काढायला निघालो. मोठ्या माणसानंच मोठेपणा दाखवावा लागतो. स्कूटर काढली आणि कुपवाडला वीरधवलच्या वर्कशॉपवर गेलो. तो लेथवर होता. मला बघून मशीन बंद केलं, हात पुसले, स्टूल पुसून दिलं, चहा मागवला. घाबरलेला दिसला, तेव्हा मला जरा बरं वाटलं.

म्हटलं, "हे बघ, मी काही राक्षस नाही. तू फक्त एवढंच म्हण, पुस्तक आवडलं. पूर्ण वाचलं नसलं तरी चालेल. मी पानंबिनं विचारणार नाही. तू म्हण, मी घरी जाऊन सांगतो, विषय संपला. तारीख काढू."

याहून सोपं काय असतं? एक शब्द. समोर सोन्यासारखी मुलगी.

त्यानं चहाचा कप खाली ठेवला. "सर, मयूरी मला म्हणाली होती, सारांश सांगते, तू रडल्यासारखं कर. मी तिलाही नाही म्हणालो. मला ते पुस्तक नाही आवडलं. कंटाळा आला. आज 'आवडलं' म्हटलं तर पुढं तुम्ही प्रत्येक दिवाळीला देवदारावर बोलणार आणि मी माना हलवणार. मला ते जमणार नाही सर. तुमच्यासमोर तरी नको."

"म्हणजे मुलगी नको?"

त्याचा चेहरा पडला. "मुलगी पाहिजे. लय पाहिजे." एवढा वेळ शुद्ध बोलणारा मुलगा, गावाकडचं तोंडात आलं. "पण खोटं बोलून नको. तुमच्याविना लग्न करायचं तिच्या जिवावर आलंय, सर. रोज रडते. तुम्हाला म्हणून सांगतोय."

मी चहा अर्धा टाकून उठलो. इतका हट्टी माणूस मी पाहिला नाही. मी हात पुढे केला होता, पदरात दान टाकत होतो! येताना दोनदा चुकीच्या गल्लीत शिरलो.

घरी येऊन विनोदिनीला सगळं सांगितलं, म्हटलं, बघ, याला म्हणतात अरसिक. ती ऐकताना हसली नाही. म्हणाली, "या घरात तुमच्या तोंडावर कुणीच कधी खरं बोललं नाही. मीसुद्धा नाही. एक माणूस आला तो पहिल्या महिन्यात बोलला, तर त्याला घालवताय. आणि पोरीनं आजवर तुमच्याकडे काही मागितलं नव्हतं. एकदा मागितलं, तर तिच्या हातात पुस्तक ठेवलंत."

मी म्हटलं, "आमटी खरंच बिनमिठाची असते?"

"तुम्हीच सांगितलंत ना, तब्येतीला बरी."

मंगळवार, २८ जानेवारी.

सकाळी एकशे बारावं पान काढून वाचलं. प्रामाणिकपणे सांगायचं तर मी ते पूर्वी कधी नीट वाचलेलं नव्हतं. मृणालची पानं आली की मी भराभर उलटायचो, कधी एकदा हिमालय येतो म्हणून. ती दुसऱ्या दिवशी स्टेशनवर येते तेव्हा तिनं डबा आणलेला असतो. दशम्यांचा. तोच डबा ती घेऊन परत जाते. लेखकानं यावर एकच ओळ लिहिली आहे, आणि बरी लिहिली आहे. मग चारशे अकरावं वाचलं, डोळे कोरडेच राहिले. चष्म्याचा नंबर बदलला असावा.

नऊ वाजता सुभेदारांना फोन लावला. म्हटलं, "तुमच्या चिरंजीवांविषयी बोलायचं आहे. मुलगा अरसिक आहे."

"व्हय, डॉक्टरसाहेब."

"हट्टी आहे. मोठ्यांचा मान ठेवून एक शब्द बोल म्हटलं तर बोलत नाही."

"ल्हानपनापास्नं तसाच हाय. मास्तरबी हेच म्हनायचं."

"तोंडावर नाही म्हणतो."

"मी बोलतो त्याला. माफी करा."

"काही बोलू नका," मी म्हटलं. माझा आवाज जरा चढला. "अजिबात बोलू नका त्याला. तारीख काढा."

पलीकडून नाक ओढल्याचा आवाज आला. रडत होते. या माणसाला कुठेही रडू येतं. मागून राहीबाई ओरडून विचारत होती, "काय झालं रं? कोन गेलं?" मी 'ठेवतो' म्हणायला गेलो, पण आधी चष्मा काढून डोळे पुसावे लागले. तसाच फोन कानाला लावून बसलो.

मयूरी हॉस्पिटलला निघाली होती. चपला घालता घालता थांबली. आठ दिवसांत पहिल्यांदा आपणहून बोलली.

"बाबा, काय होतंय? कुणाचा फोन आहे?"

मी म्हटलं, "तुझ्या सासऱ्यांचा."